स्प्रेडशीटमध्ये वक्र बसवणे

मोजून मिळालेल्या बिंदूंच्या शक्य तितक्या जवळून जाणारे समीकरण शोधणे म्हणजे वक्र बसवणे. प्रत्येक मोजमापात थोडीफार चूक असतेच, त्यामुळे वक्र सगळ्या बिंदूंतून जावा अशी अपेक्षा नसते. ओढूनताणून प्रत्येक बिंदूतून नेलेला वक्र त्या चुकाही गिरवत बसतो. पूर्वी हे काम आलेखकागद, पट्टी आणि लॉगॅरिदमच्या कोष्टकांवर होई. आज ते एक्सेल, लिबरऑफिस कॅल्क किंवा गूगल शीट्समध्ये काही क्षणांत होते.

‘जवळून’ म्हणजे नेमके काय, हे लघुतम वर्गांची पद्धत ठरवते. मोजलेली किंमत आणि वक्रावरची किंमत यांतल्या फरकाला अवशेष म्हणतात. सगळ्या अवशेषांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी येईल असे गुणांक, म्हणजे समीकरणातले स्थिर आकडे, निवडायचे. फ्रेंच गणिती लेजांद्र यांनी ही पद्धत १८०५ मध्ये प्रसिद्ध केली. जर्मन गणिती गाउस यांनी १८०९ मध्ये ती मांडताना आपण ती १७९५ पासून वापरत असल्याचे म्हटले आणि श्रेय कोणाचे यावरून वाद झाला.

रीत सोपी आहे. दोन स्तंभांत आकडे भरायचे, स्कॅटर चार्ट काढायचा, बिंदूंवर राइट क्लिक करून ट्रेंडलाइन, म्हणजे प्रोग्रामने बसवलेली रेषा किंवा वक्र, जोडायची आणि समीकरण दाखवण्याच्या चौकटीत खूण करायची. स्कॅटरऐवजी लाइन चार्ट निवडला, तर एक्सेल क्ष-अक्षावरच्या खऱ्या किमतींऐवजी साधारणपणे १, २, ३ असे अनुक्रमांक धरते. वाचने समान अंतराने घेतलेली नसतील तर रेषा दिसते व्यवस्थित, पण समीकरण साफ चुकलेले असते. शिवाय आलेखावरच्या समीकरणात गुणांक मोजक्याच अंकांपर्यंत दाखवलेले असतात. चौथ्या-पाचव्या घाताच्या बहुपदीत (क्षच्या त्या घातापर्यंतची पदे असलेल्या समीकरणात) ते तसेच उतरवून घेतले की उत्तर भलतीकडेच जाते. पूर्ण अचूकतेचे गुणांक हवे असतील तर लाइनएस्ट (LINEST) हे फंक्शन वापरावे. ते गुणांकांच्या प्रमाणत्रुटीही देते, म्हणजे प्रत्येक गुणांक किती अनिश्चित आहे तेही सांगते.

खरा प्रश्न असतो कोणता वक्र बसवायचा हा. समजा, २५ अंशांच्या खोलीत गरम पाणी निवत ठेवले आणि दर पाच मिनिटांनी तापमान मोजले: ८५, ७१.७, ६१.४, ५३.३, ४७.१. घातांकी ट्रेंडलाइन (समान वेळात समान प्रमाणात घटणारा वक्र) जोडली की आर-वर्ग ०.९९६ येतो. वक्र बिंदूंना किती जुळतो हे आर-वर्ग सांगतो; १ म्हणजे पूर्ण जुळणी. एवढा आकडा पाहिल्यावर बहुतेक जण तिथेच थांबतात. पण हेच समीकरण तासाभरानंतरचे तापमान सुमारे १४ अंश सांगते, म्हणजे खोलीपेक्षाही थंड! कारण एक्सेलची घातांकी ट्रेंडलाइन शून्याकडे उतरते, पाणी मात्र खोलीच्या तापमानाकडे उतरते. प्रत्येक वाचनातून आधी २५ वजा करून मग वक्र बसवला, तर तासाभरानंतरचे उत्तर सुमारे २८ अंश येते आणि ते पटण्यासारखे आहे.

ही चूक आर-वर्गाने दाखवली नाही, पण अवशेषांनी दाखवली असती. पहिल्या वक्राचे अवशेष साधारण +१.३, −०.५, −०.९, −०.५, +०.७ असे येतात. दोन्ही टोकांना अधिक, मधे सलग उणे. मोजमापातल्या चुका अशा शिस्तीत येत नाहीत, त्या विखुरलेल्या असतात. अवशेषांत आकार दिसला की समीकरणाचे रूप चुकले आहे असे समजावे. म्हणून शेजारच्या स्तंभात अवशेष काढून त्यांचा वेगळा आलेख पाहणे हा माझ्या मते या कामाचा ऐच्छिक भाग नाहीच. संख्याशास्त्रज्ञ अॅन्सकोम यांनी १९७३ मध्ये हेच चार लहान संचांतून दाखवले: चौघांची सरासरी, सहसंबंध आणि बसवलेली रेषा जवळपास तंतोतंत सारखी, पण आलेख काढले की एक सरळ रेषेभोवती विखुरलेला, दुसरा कमानीसारखा आणि उरलेल्या दोघांत एकाच वेगळ्या पडलेल्या बिंदूने रेषेची दिशा ठरवलेली.

बहुपदीचा घात वाढवला की आर-वर्ग कधीच घटत नाही. सहा बिंदूंतून पाचव्या घाताची बहुपदी तर बिनचूक जाते, पण दोन बिंदूंच्या मधे ती वाटेल तशी हेलकावते आणि मोजलेल्या टप्प्याबाहेर सुसाट सुटते.

आणखी एक बारकावा घातांकी आणि घातीय (क्षचा एखादा घात वापरणाऱ्या, पॉवर) ट्रेंडलाइनचा. त्या आतून लॉगॅरिदम घेऊन सरळ रेषा बसवतात. त्यामुळे य-किंमत शून्य किंवा ऋण असेल तर त्या चालतच नाहीत, आणि लहान किमतींमधल्या चुकांना जास्त वजन मिळते. असे नको असेल, किंवा खोलीचे तापमानही आकड्यांवरूनच शोधायचे असेल, तर सॉल्व्हर, म्हणजे सेलमधल्या किमती बदलून पाहत हवे ते उत्तर शोधणारे स्प्रेडशीटमधले साधन, वापरावा. गुणांकांसाठी वेगळे सेल ठेवायचे, अवशेषांच्या वर्गांची बेरीज एका सेलमध्ये काढायची आणि ती कमीत कमी करायला सॉल्व्हरला सांगायचे. सुरुवातीच्या किमती मात्र आपणच अंदाजाने द्यायच्या असतात आणि अंदाज फारच फसला तर सॉल्व्हर भलत्याच खळग्यात अडकून ‘उत्तर सापडले’ असे कळवतो. दोन-तीन वेगवेगळ्या सुरुवातींपासून चालवून तेच गुणांक येतात का, हे पाहावे.