फुलब्राइट शिष्यवृत्ती

अमेरिकन सरकारची आंतरराष्ट्रीय शैक्षणिक देवाणघेवाणीची योजना. सिनेटर जेम्स विल्यम फुलब्राइट (१९०५–१९९५) यांच्या विधेयकातून निघाली म्हणून हे नाव. आपल्याकडे नुसतं 'फुलब्राइट मिळाली' म्हटलं की पुरतं, पुढे कसली ते कुणी विचारत नाही.

फुलब्राइट वाढले अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातल्या फेएटव्हिलला, ऱ्होड्स स्कॉलर म्हणून (म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर) ऑक्सफर्डला शिकले, १९३९ मध्ये आर्कान्सा विद्यापीठाचे अध्यक्ष झाले आणि १९४५ ते १९७४ सिनेटमध्ये होते.

योजनेचा उगम नेमका कशात, यावर मतं वेगवेगळी आहेत. काही जण ऑक्सफर्डच्या वर्षांकडे बोट दाखवतात. काहींना चीनचा दाखला जवळचा वाटतो, म्हणजे १९०० च्या परकीयांविरुद्धच्या बॉक्सर बंडानंतर चीनकडून घेतलेल्या दंडातली जादाची रक्कम अमेरिकेने चिनी विद्यार्थ्यांच्या शिक्षणाला लावली तो. तिसरं मत हिरोशिमाचं, कारण अणुबॉम्ब ऑगस्ट १९४५ मध्ये पडला आणि विधेयक लगेच सप्टेंबरमध्ये आलं. तिन्हींत थोडंफार तथ्य असावं, पण कायद्याचा मजकूर उघडून बघितला तर उदात्त हेतूपेक्षा हिशेबच जास्त दिसतो. हा मुळात वेगळा कायदाच नाही, १९४४ च्या शिल्लक मालमत्ता कायद्यातली ती दुरुस्ती आहे.

झालं असं की युद्ध संपलं तेव्हा अमेरिकन सैन्याचे ट्रक, जीप, यंत्रसामग्री असलं कायकाय जगभर पडून होतं. परत न्यायचं तर भाडंच अंगावर येणार, तिथेच विकायचं तर घेणाऱ्या देशांकडे डॉलर नाहीत. मग त्यांच्याच चलनात किंवा उधारीवर विका, आणि ते पैसे अमेरिकेत चालत नाहीत तर तिथेच शिक्षणावर खर्च करा, अशी ही युक्ती. नवीन पैसा मागायचाच नव्हता, त्यामुळे सिनेटमध्ये चर्चा न होताच विधेयक पास झालं. राष्ट्राध्यक्ष ट्रुमननी १ ऑगस्ट १९४६ ला सही केली. एका देशाला वर्षाला जास्तीत जास्त १० लाख डॉलर आणि एकूण २ कोटी डॉलर एवढी मर्यादा घातलेली होती.

या युक्तीतली मेख अशी की त्या चलनातून तिथे गेलेल्या अमेरिकन माणसाचा राहण्याजेवण्याचा खर्च निघायचा, पण तिकडून अमेरिकेत येणाऱ्याला फक्त प्रवासभाडं, फी कुठून आणायची ते त्याचं त्याने बघायचं. १९४८ च्या स्मिथ-मुंट कायद्याने डॉलरची सोय झाली तेव्हा हे जरा सुटलं, आणि १९६१ च्या फुलब्राइट-हेज कायद्याने सगळं एका छत्राखाली आलं. पहिला करार चीनशी (नोव्हेंबर १९४७), पाठोपाठ ब्रह्मदेशाशी. चीनमधलं काम १९४९ मध्ये बंद पडलं.

भारताशी करार २ फेब्रुवारी १९५० चा. कवी आणि अनुवादक ए. के. रामानुजन १९५९ मध्ये याच योजनेतून अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात गेले. २००८ च्या नव्या करारापासून दोन्ही सरकारं बरोबरीने पैसा घालतात, म्हणून भारतातल्या शिष्यवृत्त्यांना 'फुलब्राइट-नेहरू' म्हणतात. योजनेचं मुंबईतही ऑफिस आहे. शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी राहायची व्हिसाची अट अर्जदाराला शेवटी आठवते, खरं तर पहिल्यांदा आठवायला हवी.

खुद्द सिनेटरांचा वारसा एवढा सरळ नाही. १९५४ मध्ये, कम्युनिस्ट शोधायच्या नावाखाली लोकांच्या मागे लागलेल्या सिनेटर मॅकार्थींच्या चौकशी समितीला पैसे द्यायच्या विरोधात मत देणारे ते एकटे. व्हिएतनाम युद्धावर १९६६ मध्ये जाहीर सुनावण्या घेतल्या त्याही त्यांनीच. पण दक्षिणेकडच्या राज्यांतल्या खासदारांनी शाळांमधल्या वर्णभेदाच्या बाजूने काढलेल्या १९५६ च्या दक्षिणी जाहीरनाम्यावर त्यांची सही आहे आणि १९६४ च्या नागरी हक्क कायद्याला त्यांचा विरोध होता. मतदारांपुढे इलाज नव्हता अशी सारवासारव केली जाते, ती पूर्ण पटत नाही. फेएटव्हिलच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा २००२ पासून आहे. २०२० मध्ये तो हलवायची मागणी झाली, २०२१ मध्ये विश्वस्तांनी तो ठेवला, मात्र त्यांच्या या मतांची माहिती सोबत द्यायची असं ठरलं.