फ्लोरिडातल्या नर्सिंग होममध्ये आई-वडील आहेत? ‘इसेन्शियल केअरगिव्हर’ म्हणून नाव आजच नोंदवून ठेवा

इसेन्शियल केअरगिव्हर म्हणजे तिथे राहणाऱ्याने स्वतः नेमलेला माणूस; त्याला रोज भेटू देणं फ्लोरिडाच्या कायद्याने संस्थेवर बंधनकारक आहे. आधी एका शब्दाचा घोळ सोडवू. पुण्या-नाशकात नर्सिंग होम म्हटलं की डॉक्टरांचं छोटं खाजगी रुग्णालय डोळ्यांपुढे येतं, बहुतेकदा बाळंतपणाचं. अमेरिकेत मात्र वयस्कर माणसं महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं जिथे राहतात आणि जिथे चोवीस तास शुश्रूषा मिळते, ती जागा म्हणजे नर्सिंग होम. तिथे राहणाऱ्याचं तेच घर असतं. करोनाच्या साथीत, १३ मार्च २०२० रोजी, सीएमएस या सरकारी आरोग्य योजना चालवणाऱ्या केंद्रीय यंत्रणेने देशभरातल्या नर्सिंग होमना बाहेरच्यांच्या भेटी थांबवायला सांगितल्या. सवलत होती ती मुख्यतः अगदी अखेरच्या घटका मोजणाऱ्यांच्या माणसांना. बाकीचे खिडकीच्या काचेपलीकडून हात हलवत राहिले.

फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलच्या मेरी डॅनियल यांनी तेव्हा नवऱ्याला भेटता यावं म्हणून तो राहत होता त्याच संस्थेत भांडी धुण्याची नोकरी धरली. ११४ दिवसांनी त्यांची भेट झाली. पुढे भेटींच्या प्रश्नावर राज्याने नेमलेल्या कृतिगटात त्यांना घेतलं गेलं. ६ एप्रिल २०२२ रोजी ‘नो पेशंट लेफ्ट अलोन’ कायद्यावर गव्हर्नरांची सही झाली. राज्याच्या कायदेसंहितेत तो कलम ४०८.८२३ म्हणून आहे. नर्सिंग होम, असिस्टेड लिव्हिंग (रोजच्या कामांत मदत मिळणारी निवासी जागा), हॉस्पिटल आणि आंतररुग्ण हॉस्पिस (अखेरच्या काळातली शुश्रूषा देणारी, राहण्याची सोय असलेली संस्था) यांना तो लागू आहे.

कोणाचं नाव देता येतं?

तिथे राहणारी व्यक्ती कुटुंबातलं माणूस, मित्र, पालक किंवा अन्य कोणालाही इसेन्शियल केअरगिव्हर म्हणून नेमू शकते. रक्ताच्या नात्याची अट नाही. मुलगा कॅलिफोर्नियात आणि आई टँपात, अशी आपल्याकडे कितीतरी घरं आहेत. तिथे मंडळातली एखादी मैत्रीण किंवा शेजारच्या काकू हे काम करू शकतात. नेमलेल्या व्यक्तीला दररोज किमान दोन तास समोरासमोर भेटू देणं संस्थेवर बंधनकारक आहे, आणि हे दोन तास इतर भेटींच्या वेळेत मोजायचे नाहीत. ‘केअरगिव्हर’ शब्दाने दचकू नका. अंघोळ घालणं, भरवणं ही कामं करायची सक्ती संस्था तुमच्यावर करू शकत नाही.

याशिवाय काही प्रसंगी प्रत्यक्ष भेट द्यावीच लागते: अखेरचा काळ, मोठा वैद्यकीय निर्णय, जवळचं कोणी गेल्याचं दुःख, घर सोडून आल्यावर नव्या जागेत जीव न रमणं. यातले आणखी दोन प्रसंग मराठी घरांनी नीट वाचावेत. पूर्वी बोलणारं माणूस आता क्वचितच बोलत असेल तर, आणि ज्याला घरचं माणूस आग्रह करून खाऊ-पिऊ घालत असे त्याला आता त्या आग्रहाची गरज असेल तर. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा अनेकदा आधी निसटते. चाळीस वर्षं अमेरिकेत काढलेली आई इंग्रजीतलं ‘ईट’ ऐकून ढिम्म बसते आणि ‘दोन घास खाऊन घे गं’ म्हटल्यावर तोंड उघडते. ही गोष्ट केअर प्लॅनच्या, म्हणजे शुश्रूषेचा आराखडा ठरवायच्या, बैठकीत स्पष्ट सांगा आणि कागदावर लिहून घ्या. उद्या साथ आली तर तुमच्या भेटीचा सगळ्यात भक्कम आधार हाच कागद असेल.

काय करायचं?

संस्थेच्या वेबसाइटच्या मुखपृष्ठावरून तिचं भेटींचं धोरण सहज मिळायला हवं. ते उतरवून घ्या. नेमणुकीसाठी संस्थेचा स्वतःचा फॉर्म असेल तर तो भरा, नसेल तर साधं पत्र पुरे: राहणाऱ्याचं नाव, नेमलेल्या व्यक्तीचं नाव व फोन, तारीख, सही. पोच घ्या. धोरण पाळण्याबद्दल तुमची लेखी हमी मागितली जाऊ शकते, ती द्या. धोरण मोडलं तर तुमची भेट स्थगित होऊ शकते, म्हणून सही करण्याआधी ते वाचा. फोटो असलेलं ओळखपत्र जवळ असू द्या.

आई-वडिलांना स्वतः सही करणं जमण्यासारखं असतानाच ‘हेल्थ केअर सरोगेट’चा, म्हणजे त्यांच्या वतीने वैद्यकीय निर्णय घेणारा माणूस नेमण्याचा, कागदही करून ठेवा. फ्लोरिडात त्याला दोन प्रौढ साक्षीदार लागतात. सरोगेट स्वतः साक्षीदार होऊ शकत नाही, आणि दोघांपैकी किमान एक जण पती-पत्नी किंवा रक्ताचा नातेवाईक नसावा. नोटरीची गरज नाही. पुढे आईला निर्णय घेता येईनासे झाले की तिच्या वतीने कोण बोलणार, हा वाद दारात उभं राहून घालावा लागत नाही. हा कागद राहून गेला म्हणून हतबल झालेली मुलं मी पाहिली आहेत, म्हणून इतकं बजावून सांगतो.

दारात अडवलं तर

मास्क, तपासणी, हात धुणं हे संस्था सांगू शकते, आणि ते पाळायलाच हवं. शेजारच्या खोलीत कोणाची तरी अशक्त आजी असते. पण सुरक्षेचे नियम तिथल्या कर्मचाऱ्यांपेक्षा तुमच्यासाठी जास्त कडक असता कामा नयेत. लसीकरणाचा पुरावा मागता येत नाही. दोघांची संमती असेल तर हात हातात घेणं, मिठी मारणं यालाही मनाई करता येत नाही.

धोरण नीट पाळलं जातंय ना हे बघायला प्रत्येक संस्थेत एक व्यक्ती नेमलेली असते. आधी तिला भेटा आणि नकार लेखी मागा. तरीही दार बंदच राहिलं तर राज्याच्या आरोग्य प्रशासन यंत्रणेकडे, म्हणजे ‘आहका’कडे, तक्रार करा: ८८८-४१९-३४५६. अशा संस्थांतल्या रहिवाशांच्या तक्रारी सोडवायला मदत करणाऱ्या ‘लाँग-टर्म केअर ओम्बड्समन’ची मदत मोफत आणि गोपनीय असते: ८८८-८३१-०४०४.

इतर राज्यांत राहणाऱ्यांसाठी थोडक्यात: मेडिकेअर किंवा मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनांची मान्यता असलेल्या प्रत्येक नर्सिंग होमला केंद्रीय नियम ४८३.१० लागू आहे, आणि आपल्या पसंतीच्या माणसाला भेटण्याचा हक्क त्यात आहे. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी सीएमएसने सर्व रहिवाशांना सर्व वेळी भेटी खुल्या कराव्यात असं कळवलं. टेक्ससमध्ये तर त्याच महिन्यात मतदारांनी इसेन्शियल केअरगिव्हर नेमण्याचा हक्क थेट राज्यघटनेत घातला. ह्यूस्टन-डॅलसच्या मंडळींनी तिथल्या संस्थेकडे हाच फॉर्म मागावा.