बगॅसोसिस

उसाच्या शिळ्या, बुरा चढलेल्या चिपाडाची धूळ श्वासावाटे आत गेल्याने होणारा फुफ्फुसाचा विकार. अतिसंवेदनशील फुफ्फुसदाह (श्वासातल्या धुळीला रोगप्रतिकार यंत्रणेने दिलेल्या अतिरेकी प्रतिसादातून होणारा दाह) या गटात तो मोडतो. कुबट गवतामुळे होणारा शेतकरी-फुफ्फुस आणि कबुतरे पाळणाऱ्यांना होणारा विकार ही त्याची भावंडे. कारखान्यात या चोथ्याला सगळेच ‘बगॅस’ म्हणतात, गुऱ्हाळावर मात्र ते अजून चिपाडच आहे.

ताज्या बगॅसमुळे हा विकार होत नाही. एक टन उसातून साधारण २८० ते ३०० किलो बगॅस निघते. त्यात निम्मे पाणी आणि दोन-तीन टक्के साखर राहिलेली असते. मिलमधून ते पट्ट्यावरून थेट बॉयलरकडे जाते. अडचण येते ती उरलेल्या मालाची. सांगली जिल्ह्यात कृष्णा-वारणेकाठच्या कारखान्यांत ऑक्टोबर-नोव्हेंबरात मोळी पडते, म्हणजे गाळप सुरू होते, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी पट्टा पडतो, म्हणजे ते संपते. शिल्लक बगॅस यार्डात रचून ठेवतात. पुढच्या हंगामाचा बॉयलर पेटवायला, वीजनिर्मितीला किंवा कागद गिरणीला विकायला. त्या उरलेल्या साखरेवर सूक्ष्मजीव पोसतात आणि ढीग आतून तापतो. तापमान ५०-६० अंश सेल्सिअसपर्यंत चढते. गठ्ठ्यात हात घातला, तर विझलेल्या चुलीतल्या राखेसारखी ऊब लागते. तोच गठ्ठा वाळल्यावर फोडला की पांढुरकी, धुरासारखी धूळ उठते आणि फोडणाऱ्याच्या भुवया पिकल्यासारख्या दिसतात.

या उबेत वाढणारा मुख्य जीव म्हणजे थर्मोॲक्टिनोमायसीज सॅकॅरी. दिसायला बुरशी, प्रत्यक्षात जिवाणू. त्याचे बीजाणू जेमतेम एक मायक्रॉनचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या साठ-सत्तराव्या हिश्शाएवढे. नाकातले केस आणि श्वासनलिकेतला चिकट पदार्थ त्यांना पुरते अडवू शकत नाहीत. ते थेट वायुकोशांत उतरतात.

रोगाला नाव मिळाले १९४१ मध्ये, अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स येथे. जेमिसन आणि हॉपकिन्स या डॉक्टरांनी ते दिले. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या कामगारांत तो आढळला. इंग्लंडात ऊस पिकत नाही! बोर्ड बनवायला बाहेरून आणलेले गठ्ठे फोडणारे ते लोक होते. भारतातली पहिली नोंद १९५५ ची, गांगुली आणि पाल यांची, तीही कलकत्त्याजवळच्या पुठ्ठा कारखान्यातली. रोग ऊस गाळणाऱ्याच्या नव्हे, तर जुना गठ्ठा फोडणाऱ्याच्या मागे लागतो, हे या नोंदींवरून दिसते. १९६३ मध्ये लंडनच्या जॅक पेपिस यांनी शेतकरी-फुफ्फुसाचे मूळ कुबट गवतातल्या अशाच उष्णताप्रिय जिवाणूत असल्याचे दाखवले. बगॅसमधला जिवाणू जॉन लेसी यांनी १९७१ मध्ये वेगळा ओळखला. पुढे त्याचे वर्गीकरण बदलले तेव्हा त्याला लेसींचेच नाव मिळाले : लेसिएला सॅकॅरी.

बीजाणू फुफ्फुसात वाढत नाही. संसर्ग नाही, तरीही ताप येतो. हे कोडे रोगप्रतिकार यंत्रणेच्या संकेतांत सुटते. वायुकोशात पहारा देणाऱ्या मॅक्रोफेज पेशींवर टोल-सदृश ग्राही नावाचे रेणू असतात. (या टोलचा नाक्यावरच्या टोलशी संबंध नाही, फळमाशीचा एक विचित्र भ्रूण पाहून जर्मन संशोधिकेच्या तोंडून निघालेला तो ‘भन्नाट!’ असा उद्गार आहे.) जिवाणूचे अंश या ग्राहींना चिकटले की मायडी८८ हे प्रथिन संदेश आत नेते आणि पेशीच्या केंद्रकात दाहाची जनुके जागी होतात. टीएनएफ, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-८ ही रसायने बाहेर पडतात. काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी धावून येतात. आधीच्या संपर्कातून रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे बीजाणूंच्या अंशांशी जुळून गुंते बनवतात आणि आगीत तेल ओततात.

संपर्क चालूच राहिला तर सूत्रे टी-लिंफोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या रक्तपेशींकडे जातात. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या गुडमंडसन आणि हनिंगहेक यांनी १९९७ मध्ये उंदरांवर दाखवले की इंटरफेरॉन-गॅमा हा संकेत काढून घेतला, तर शेतकरी-फुफ्फुसाच्या जिवाणूने होणारी गाठींची दाहक्रिया नीट उभीच राहत नाही. इंटरल्युकिन-१७ चाही यात हात असल्याचे नंतरच्या कामातून पुढे आले. एकाच यार्डात काम करणाऱ्या सगळ्यांना हा विकार होत नाही, त्याचे उत्तर बहुधा याच संकेतांच्या माणसागणिक बदलणाऱ्या जोरात आहे. धूम्रपान करणाऱ्यांत हा गट कमी आढळतो, कारण त्यांचे मॅक्रोफेज मंदावलेले असतात असे मानतात. यावरून बिडी हे औषध आहे असा अर्थ कोणी काढू नये. अशा माणसाला रोग झालाच तर तो अधिक चिवट निघतो.

लक्षणांचे वेळापत्रक हीच निदानाची किल्ली. दिवसा गठ्ठे फोडलेला माणूस संध्याकाळी घरी येतो आणि चार ते बारा तासांनी त्याला हुडहुडी भरते. अंग मोडून येते, कोरडा खोकला लागतो, जिना चढताना दम लागतो. घरचे गोधडी घालतात, ‘साथ आहे’ म्हणतात. एक-दोन दिवस घरी पडला की तो बरा होतो. कामावर गेला की पुन्हा तेच. शिवाय छातीच्या फोटोत बारीक ठिपके दिसले की संशय आधी क्षयावर जातो. सांगली-मिरज परिसरात तर हे अधिकच साहजिक : मिरजेत वानलेस यांचे मिशन रुग्णालय १८९४ पासूनचे आणि वानलेसवाडी हे नावच क्षयरोग्यांच्या आरोग्यधामाशी जोडलेले. छातीचा आजार म्हणजे टीबी, ही समजूत इथे पिढ्यांची आहे. ‘काम काय करता?’ या प्रश्नाला मिळणारे ‘कारखान्यात’ हे उत्तर पुरेसे नसते. यार्डात की बॉयलरवर, हे विचारावे लागते.

अतिसंवेदनशील फुफ्फुसदाह भारतात दुर्मीळही नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय नोंदणीत आंतरऊतकी फुफ्फुसरोगाच्या (वायुकोशांभोवतीच्या ऊतीच्या विकारांच्या) १,०८४ रुग्णांपैकी सुमारे ४७ टक्के याच गटातले होते. मात्र हे सगळे बगॅसचे नव्हेत. कुबट एअर कूलर, पक्षी अशी अनेक कारणे त्यात येतात.

उपचारात पहिली गोष्ट म्हणजे धुळीपासून दूर जाणे. तीव्र दाहात प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात. वर्षानुवर्षे संपर्क राहून फुफ्फुसात तंतू धरले, तर ते परत विरत नाहीत. तंतुवाढ मंदावणारे निंटेडॅनिब त्या टप्प्यावर काही रुग्णांना उपयोगी पडते.

प्रतिबंधाचे उपाय जुने आणि सोपे आहेत : साठ्यातली ओल २० टक्क्यांहून अधिक ठेवणे, त्यावर दोन टक्के प्रोपिऑनिक आम्ल फवारणे, पट्टे झाकणे, गठ्ठे यंत्राने फोडणे आणि नीट बसणारा एन-९५ मास्क. तोंडाला गुंडाळलेला टॉवेल भुसकट अडवतो, बीजाणू नाही.

नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, ‘क’ भागात, बगॅसोसिस नावानिशी होता. मात्र त्या भागातल्या रोगांसाठी केंद्र सरकारने ठरवलेल्या मुदतीएवढी सलग नोकरी दाखवावी लागे, आणि यार्डातला माणूस पुष्कळदा ठेकेदाराचा, हंगामापुरता असतो.