हृदयविकाराचे अतिजोखमीचे रुग्ण : तक्त्यातले आणि तक्त्याबाहेरचे

हृदयविकाराचा धोका आकड्यांत मांडायची सुरुवात अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात झाली. १९४८ पासून तिथल्या ५,२०९ स्त्री-पुरुषांची वर्षानुवर्षं तपासणी झाली. बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेट आणि शुगर यांचा झटक्याशी असलेला संबंध त्यातून पक्का झाला, आणि पुढच्या दहा वर्षांतला धोका सांगणारा तक्ता तयार झाला. ती माणसं मात्र जवळपास सगळी गोरी होती.

आपल्याकडचं चित्र वेगळं आहे, हे २००४ मध्ये ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासानं दाखवलं. दक्षिण आशियात पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी येत होता, इतर देशांत ५९च्या आसपास. तंबाखू चघळणाऱ्यांनाही झटक्याचा धोका दुपटीहून अधिक असल्याचं याच अभ्यासातून पुढं आलं. मराठवाड्यासाठी मला ही बाब सगळ्यांत मोलाची वाटते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये प्रदेशवार नवे तक्ते दिले खरे, पण ते ४० ते ७४ वयासाठीच आहेत आणि त्यांत विचारलं जातं ते धूम्रपान. सकाळी मिश्री लावणारी बाई आणि दिवसभर तंबाखू-चुना मळणारा गडी या रकान्यात 'नाही' म्हणूनच नोंदवले जातात.

'अतिजोखीम' म्हणजे झटक्याचा धोका सगळ्यांत जास्त असलेल्यांचा वेगळा गट औषधांमुळं पुढं आला. झटका येऊन गेलेल्यांचे किंवा छातीच्या दुखण्याचे जुने रुग्ण असलेल्यांचे मृत्यू कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनच्या गोळीनं कमी होतात, हे १९९४ मध्ये सिद्ध झालं. त्यानंतर प्रश्न उरला तो ही गोळी मोठ्या डोसमध्ये कुणाला द्यायची याचा. २००४ मध्ये अमेरिकी तज्ज्ञांनी अशा रुग्णांसाठी एलडीएल, म्हणजे रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, ७०च्या खाली आणण्याचा पर्याय सुचवला. २०१९ मध्ये युरोपनं तो आकडा ५५वर आणला.

या गटातला मोठा हिस्सा ओळखायला तक्ता लागतच नाही. अ‍ॅटॅक येऊन गेलेला, रक्तवाहिनीत स्प्रिंग (स्टेंट) टाकलेला, गुठळीमुळं लकवा झालेला, शुगरनं किडनीवर परिणाम झालेला माणूस आधीच अतिजोखमीचा असतो. आपल्याकडं अँजिओप्लास्टी गरिबाच्या आवाक्यात आली ती सरकारी जीवनदायी योजनेनं. २०१२ मध्ये पहिल्या आठ जिल्ह्यांत मराठवाड्यातलं नांदेड होतं. पण स्प्रिंग टाकून घरी आलेल्याचं डिस्चार्ज कार्ड कॅरीबॅगेत घडी घालून खुंटीला लटकतं. "आता काय नाही, बरं हाय," म्हणत गोळ्या बंद होतात. अशा माणसाला शोधणं हेच मला पहिलं काम वाटतं, आणि त्यासाठी घरात जाऊन 'कार्ड दाखवा' एवढं म्हणावं लागतं.

राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. पुढं आशाताईंच्या हाती तिशीपुढच्या प्रत्येकासाठी फॉर्म आला. त्यात कंबरेचा घेर आणि घरातले आजार आहेत, शिवाय धूम्रपानाबरोबर तंबाखू खाण्याचीही नोंद होते. या उत्तरांच्या गुणांची बेरीज चारच्या वर गेली की तपासणीला प्राधान्य. चाळिशीच्या आतल्यांनाही मोजणारा हा फॉर्म त्या परदेशी तक्त्यांपेक्षा आपल्या जास्त कामाचा आहे.

मात्र बीडचे ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडं निघतात, ते पट्टा पडल्यावरच, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावरच, परततात. ज्या गावात हिवाळ्यात म्हातारी माणसं आणि लेकरंच उरतात, तिथं त्या काळात केलेल्या सर्वेक्षणात पस्तिशीचा तंबाखू खाणारा गडी सापडणार कसा? कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, गाव सोडण्याआधी, नवरात्राच्या सुमारास, ही तपासणी झाली पाहिजे, आणि ज्यांची गोळी चालू आहे त्यांना पूर्ण हंगामाच्या गोळ्या सोबत मिळाल्या पाहिजेत.