शून्य ते सहाच्या मधली गाडी

माघातला रविवार होता, कोल्हापूरजवळच्या जोतिबाच्या खेट्यांचा, म्हणजे डोंगरावरच्या दर्शनाच्या वारीचा. केर्लीच्या फाट्यावरून वर निघालेल्या गाड्यांची रांग पायी जाणाऱ्यांपेक्षाही हळू सरकत होती. अर्ध्या तासाने शेजारी बसलेली आत्या म्हणाली, "अरे, काहीतरी जळतंय." मी म्हटलं, पुढच्या गाडीचं असेल. ते आमचंच होतं. दोन दिवसांनी उद्यमनगरात मेस्त्रींनी गिअरबॉक्स उतरवून क्लच प्लेट माझ्या हातात ठेवली. काळी ठिक्कर, रिव्हेटपर्यंत झिजलेली. "दादा, अख्खी प्लेट खाल्लीसा की," एवढंच ते बोलले.

त्या चढावर माझं काय चुकलं, हे नंतर कागदावर हिशोब मांडला तेव्हा कळलं.

पेट्रोल इंजिनाला एक खोड असते. मिनिटाला साधारण ८०० फेऱ्यांच्या खाली ते नीट चालत नाही, गचके खात बंद पडतं. आता छोट्या गाडीचा पहिला गिअर घ्या. गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल (चाकांना फिरवणारा शेवटचा गिअरसंच) मिळून इंजिनाच्या साधारण १४ फेऱ्यांना चाकाची एक फेरी होते. म्हणजे इंजिन ८०० वर असताना चाक मिनिटाला ५७ वेळा फिरणार. चाकाचा घेर १.८३ मीटर धरला तर वेग निघतो ताशी सव्वासहा किलोमीटर. क्लच पूर्ण सोडून सपाट रस्त्यावर गाडी याहून हळू चालूच शकत नाही. जोतिबाच्या रांगेत आम्ही दोन-तीनच्या वेगाने होतो. इंजिन म्हणतं सहा, रस्ता म्हणतो दोन. मधला फरक कुणीतरी घसरून भरून काढायचा, आणि तो भरते क्लच प्लेट. इंजिनाच्या फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चकतीवर, ती दाबून धरलेली असते. हाफ क्लचमध्ये, म्हणजे पेडल अर्धवट दाबलेलं असताना, हा दाब कमी होतो, प्लेट घासत राहते आणि तापते. (ते फ्लायव्हील कदाचित शिरोलीच्या नाहीतर गोकुळ शिरगावच्या एखाद्या फौंड्रीत ओतलेलं असेल. आपल्याच गावच्या लोखंडावर मी माझी प्लेट जाळली म्हणायची.)

मग गिअर कशाला, नुसता क्लच पुरे की, असं वाटेल. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चढावर बघा. इंजिन बोंबलतंय, चाक मात्र मुंगीच्या पावलाने फिरतंय. वेग सोडून दिला की त्या बदल्यात जोर मिळतो, गिअरचा व्यवहार एवढाच. १.२ लिटरच्या पेट्रोल इंजिनाचा पीळ, म्हणजे टॉर्क, ११० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. पहिल्या गिअरमध्ये तो १४ पट होऊन चाकाशी गाडीला ढोबळमानाने ५४० किलोचा रेटा देतो. पाचव्यात तो जेमतेम सव्वातीन पट होतो, रेटा उरतो सव्वाशे किलोच्या आसपास. माणसांसकट १३०० किलोची गाडी दहा मीटरला एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर नुसती धरून ठेवायलाच १३० किलो लागतात. पाचव्यात पन्हाळा चढायला गेलात तर गाडी का मरते, ते या आकड्यांतच आहे.

आता आत्याचा प्रश्न. निवृत्त झाल्यावर तिला स्वतःची गाडी हवी होती. मामांचं मत, गिअरचीच घे, अ‍ॅव्हरेज मिळतं. शेजारच्या पोराचं मत, ऑटोमॅटिकच, लई भारी. आत्याची लेक कणकवलीला दिलेली, त्यामुळे महिन्यातून एकदा गगनबावड्यावरून करूळ घाट उतरायचा. बाकीचे दिवस महाद्वार रोड आणि भाजी मंडई. मी तिला म्हटलं, ऑटोमॅटिक की मॅन्युअल हे बाजूला ठेव. एकच विचार, घसरण कुठे होते?

सगळ्यात स्वस्त ऑटोमॅटिक म्हणजे एएमटी, भारतातल्या छोट्या गाड्यांत २०१४ पासून आलेली. आत गिअरबॉक्स साधाच असतो, क्लचही तोच कोरडा. फक्त तुमच्या डाव्या पायाचं आणि हाताचं काम मोटर किंवा तेलाच्या दाबावर चालणारं यंत्र करतं. म्हणून अ‍ॅव्हरेज मॅन्युअलच्या जवळपास येतं आणि किंमतही फारशी चढत नाही. पण घसरणारी प्लेट तीच. चढावर ब्रेक न लावता अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरलीत तर ती तशीच जळेल, फक्त क्लचवर तुमचा पाय नसल्याने दोष कुणाला द्यायचा ते कळणार नाही. शिवाय गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटते आणि मान डुलते. कळे-साळवणच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली ओलांडताना तो क्षण फार मोठा वाटतो. ओलांडण्याआधी मॅन्युअल मोडमध्ये एक गिअर खाली घेतला की ही अडचण बरीचशी मिटते.

ऑटोमॅटिकचा दुसरा प्रकार टॉर्क कन्व्हर्टर. त्यात प्लेटीऐवजी तेल घसरतं. गुऱ्हाळात काहिलीतला रस एका बाजूने जोरात ढवळला की दुसऱ्या बाजूच्या माणसाचा झाराही त्या रसाबरोबर ओढला जातो. इथेही एक चक्र इंजिनाला जोडलेलं, ते तेल फेकतं. समोरचं चक्र गिअरबॉक्सला, ते त्या तेलाने फिरतं. रांगेत सरकताना त्या दोघांचं लोखंड एकमेकांना भिडत नाही. मधलं तिसरं चक्र परतणाऱ्या तेलाची दिशा वळवतं, त्यामुळे निघताना पीळ दुपटीच्या आसपास वाढतो. हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं, तेही जहाजांसाठी! इथे तासभर रांगेत सरकलात तरी तापतं ते तेल, आणि ते गार करायला कूलर असतो. त्याची किंमत पेट्रोलमध्ये आणि गाडीच्या भावात मोजावी लागते, पण वेग स्थिरावला की आतला लॉक-अप क्लच दोन्ही चक्रं जखडून टाकतो, म्हणून आजकालच्या गाड्यांत हा तोटा पूर्वीइतका राहिलेला नाही.

तिसरा प्रकार सीव्हीटी. तो आत्या वीस वर्षं चालवतेय, तिला माहीत नाही एवढंच. तिची बिनगिअरची स्कूटर सीव्हीटीच आहे. दोन पुली, मध्ये बेल्ट. पुलीच्या कडा जवळ-लांब सरकतात, बेल्ट वर-खाली होतो आणि गिअर न बदलताच गुणोत्तर बदलत जातं. कारमध्ये हे १९५८ साली डाफ या डच कंपनीने आणलं. आजच्या कारमध्ये रबराऐवजी पोलादी बेल्ट किंवा साखळी असते. गावात याच्याइतकं मऊ काही नाही. पण जोरात दाबलं की इंजिन आधी ओरडतं, गाडी मागून येते. काहींना हे अजिबात सहन होत नाही.

चौथा प्रकार, ड्युअल क्लच, मला चालवायला सर्वांत आवडतो. विषम गिअरना एक क्लच, समांना दुसरा, त्यामुळे पुढचा गिअर आधीच तयार. मात्र कोरड्या प्लेटीचा असेल तर खेट्यांच्या रांगेत तोही तापणारच. तेलात बुडालेल्या प्लेटीचा बरा. आत्यासाठी तो मी सुचवला नाही.

घाट उतरण्याचं बहुतेक जण विसरतात. १३०० किलोची गाडी ५०० मीटर खाली आली तर सुमारे वीस लिटर पाणी उकळेल इतकी ऊर्जा कुठेतरी जायला हवी. सगळी ब्रेकवर टाकलीत तर ब्रेक तापून धरेनासे होतात. खालच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडला की पेट्रोल बंद होतं, हवेची वाटही जवळजवळ मिटते आणि पिस्टन त्या मिटलेल्या वाटेतून हवा ओढताना दमतात. तोच ब्रेक. मॅन्युअलमध्ये हे हातात असतं. ऑटोमॅटिक घ्यायची तर त्यात खालचा गिअर अडकवून ठेवायची सोय आहे का, हे आधी बघायचं. न्यूट्रलमध्ये घाट उतरून पेट्रोल वाचवणारे महाभाग अजूनही भेटतात. वाचत काही नाही, कारण गिअरमध्ये उतरताना पेट्रोल मुळी लागतच नाही. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहायला मात्र लागतं.

इलेक्ट्रिक गाडीत ही सगळी भानगडच नाही. मोटरला शून्यापासून पूर्ण पीळ मिळतो, म्हणून क्लच नको आणि बहुतेक गाड्यांत गिअरही एकच. उतरताना मोटर उलट वीज बनवते. पण गगनबावड्यात बॅटरी पूर्ण भरून घेतलीत तर ती वीज ठेवायला जागाच नसते, हे ध्यानात ठेवा.

आत्याने शेवटी टॉर्क कन्व्हर्टरची गाडी बघायची ठरवली. शोरूममधला मुलगा म्हणाला, "मॅडम, ताराराणी चौकापर्यंत एक चक्कर मारूया." आत्याने त्याला केर्लीचा रस्ता सांगितला, चढाच्या मध्यावर थांबून बघायचंय म्हणाली, आणि वजन हवं म्हणून मला आणि मामांना मागे बसवलं.