मंजूर पद आणि हजर पोलीस: मिनियापोलिसचा ७३१चा हिशेब

‘कौन्सिलने (म्हणजे शहराच्या नगरपरिषदेने) पोलीस कमी केले’ आणि ‘शहरात पोलीस कमी झाले’ ही दोन वाक्यं बातम्यांत सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. पहिलं मंजूर पदांबद्दल आहे, दुसरं प्रत्यक्ष कामावर असलेल्या माणसांबद्दल. मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिस शहरात या फरकावरून प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं.

या शहराच्या सनदेत, म्हणजे कारभाराच्या मूळ नियमावलीत, १९६१ पासून किमान पोलीसबळाची अट आहे: दर रहिवाशामागे ०.००१७, म्हणजे हजारी १.७. तेवढ्या पदांचा पैसा कौन्सिलने द्यायचाच. २०२०च्या जनगणनेत लोकसंख्या ४,२९,९५४ निघाली. गुणाकार केला की ७३०.९२, म्हणून ७३१. हा आकडा लोकसंख्येबरोबर हलतो, गुन्ह्यांबरोबर नाही. प्रत्यक्षात मंजूर संख्या याहून बरीच वर होती. याच शहरात पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर, डिसेंबर २०२० मध्ये, कौन्सिलने पोलीस खात्याचे सुमारे ८० लाख डॉलर दुसरीकडे वळवले, तरी ८८८ पोलिसांचं मंजूर उद्दिष्ट कागदावर कायम राहिलं. गळती लागली ती दुसऱ्या आकड्याला, म्हणजे प्रत्यक्ष कामावर असलेल्यांना. राजीनामे, निवृत्त्या आणि मानसिक आघाताच्या कारणावरून घेतलेल्या लांब रजा यांनी खातं रिकामं होत गेलं. २०२३ मध्ये संख्या ६००च्या खाली होती.

लांब रजेवरचा माणूस पगारपत्रकावर असतो, गस्तीवर नसतो. म्हणून ‘कार्यरत’ हा शब्द वाचताना जपून. त्यात रजेवरचे धरलेत की वगळलेत, हे आधी पाहावं.

रहिवाशांच्या एका गटाने खटला भरला, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या जून २०२२च्या निकालाने दोन्ही गोष्टी स्वच्छ वेगळ्या केल्या. कौन्सिलने पैसे दिले आहेत, तिचं कर्तव्य पार पडलं. ७३१ माणसं नेमण्याचं कर्तव्य महापौरांचं. जमलं नसेल तर त्यांनी कारण दाखवावं. नंतर खालच्या न्यायालयाने महापौरांचे प्रयत्न प्रामाणिक असल्याचं मान्य केलं. त्याआधी नोव्हेंबर २०२१ मध्ये मतदारांनी ही किमान अट काढून टाकण्याचा प्रस्ताव फेटाळला होता, आणि त्याच मतदानात प्रशासनाची सूत्रं महापौरांकडे दिली होती. त्यामुळे तिथे ‘कौन्सिल भरती का करत नाही’ हा प्रश्नच चुकीच्या दारावर जातो.

आपल्याकडे तर दार आणखी वेगळं. पोलीस राज्य सूचीतला विषय, भरती गृह विभागाची. मुंबई-पुण्याचा नगरसेवक त्यात फार तर पत्र देऊ शकतो. तरी ‘मंजूर पदे’ आणि ‘रिक्त पदे’ ही जोडी आपल्याला ओळखीची आहेच.

पद मंजूर आणि खुर्ची रिकामी असली की पगाराचे पैसे शिल्लक राहतात आणि ते बहुधा ओव्हरटाइमवर जातात. मग बजेटमध्ये पैसा भरपूर दिसतो, पण तीच माणसं जादा पाळ्या करतात, थकतात, आणि त्यातलीच काही उद्या रजेवर जातात किंवा सोडतात. नुसती पदं वाढवली तर रिकाम्या खुर्च्या तेवढ्या वाढतात.

खुर्ची भरायला वेळ लागतो, आणि तो पैशाने फारसा कमी होत नाही. मिनेसोटात पोलीस व्हायला किमान दोन वर्षांची पदवी आणि राज्याचा परवाना लागतो. नेमणुकीनंतर अनुभवी अधिकाऱ्याबरोबर काही महिने फिल्ड ट्रेनिंग. त्यामुळे आज मंजूर केलेली पदं पुढच्या वर्षीसुद्धा रस्त्यावर दिसतीलच असं नाही. कौन्सिलच्या हातात दुसऱ्या आकड्यावर परिणाम करणारी एक मोठी गोष्ट मात्र असते, ती म्हणजे वेतनकरार. जुलै २०२४ मध्ये मिनियापोलिस कौन्सिलने तीन वर्षांत २१.७ टक्के वाढ देणारा करार मंजूर केला. त्याने मंजूर पद एकही वाढलं नाही. आहेत ते टिकावेत आणि नवे यावेत, एवढ्यासाठी तो होता.