पार्श्वभूमी : नगरसेवकाचे मानधन आणि खिशातला पैसा

जानेवारी २०२६ मध्ये पुणे महापालिकेची निवडणूक झाली. प्रतिज्ञापत्रांतले कोटींचे आकडे काही दिवस चघळले गेले आणि मग विसरले गेले. बोलणारे नेहमीप्रमाणे दोन प्रकारचे होते. एकांचे म्हणणे, पैसेवाल्यांनी राजकारण गिळले. दुसऱ्यांचे, म्हणजे बहुतेक कट्ट्यांवरचे, म्हणणे असे की ज्याचे घर आधीच भरलेले आहे तो कशाला खाईल? या शहरात दोन्ही वाक्ये जुनी आहेत. त्यांच्यामध्ये एक शब्द अडकून बसला आहे, तो म्हणजे ‘मानधन’. हे टिपण मुख्यतः त्या शब्दाचे आहे.

आधी थोडे मागचे. पुण्याच्या नगरपालिकेत सुरुवातीला सभासद सरकार नेमत असे. १८८० च्या दशकात निवडून येण्याची सोय झाली, पण मत कराला आणि मालमत्तेला बांधलेले होते. काम बिनपगारी, मत मालमत्तेवर. मग सभासद कोण होणार? वाडा, वकिली किंवा पेढी असलेलाच. १८७६ मध्ये नेमले गेलेले एक सभासद, महात्मा जोतिराव फुले (पुणेकराला नाव सांगायला नको), बांधकामाच्या व्यवसायातले होते. खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी माल पुरवला होता. १८८० मध्ये व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी हजार रुपये काढायचे ठरले, तेव्हा विरोधात मत देणारे ते एकटे. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा, असे त्यांचे म्हणणे. नव्या मंडईच्या खर्चालाही त्यांनी विरोध केला आणि पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव लागले. हा प्रसंग ‘पैसा असूनही पुरोगामी’ अशा थाटात सांगितला जातो. मला तो तसा वाटत नाही. हातात स्वतःचा धंदा होता, म्हणून साहेबाच्या तोंडावर नाही म्हणता आले. ज्याची चूल साहेबाच्या मर्जीवर पेटते त्याला ते जमले नसते.

दुसरा मार्गही याच शहरात निघाला. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी काढणाऱ्या तरुणांनी आजीव सभासदांचा पगार ठरवला दरमहा ७५ रुपये, आणि बांधिलकी वीस वर्षांची. बाहेरची कमाई करायची की नाही, यावरून त्यांच्यात फाटले आणि १८९० मध्ये त्यांतले लोकमान्य टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले. भांडण तत्त्वाचे होते, स्वभावाचेही होते. १९०५ मध्ये निघालेल्या गोखल्यांच्या भारत सेवक समाजाने तर शपथच घ्यायला लावली: संस्था देईल तेवढ्यात स्वतःचे आणि कुटुंबाचे भागवायचे, स्वतःसाठी कमवायचे नाही. शाळेत आपल्याला यातला त्याग शिकवला जातो. पण नीट पाहिले तर ती पगाराची व्यवस्था होती. सार्वजनिक काम करणाऱ्याचे घर कोणी तरी चालवले पाहिजे हे त्या मंडळींनी मान्य केले होते, रक्कमही ठरवली होती आणि मगच बाहेरची कमाई बंद केली होती. पुढच्या पिढ्यांनी यातली बाहेरची कमाई बंद करण्याची अट तेवढी उचलली. नगरपालिकेत मात्र काम फुकटच राहिले.

विलायतेत हा प्रश्न उघडपणे मांडला गेला. १८३८ मध्ये कामगारांच्या चार्टिस्ट चळवळीने काढलेल्या सनदेतल्या सहा मागण्यांपैकी दोन अशा होत्या: खासदारकीसाठी मालमत्तेची अट नको, आणि खासदाराला पगार द्या. पहिली १८५८ मध्ये मिळाली. दुसरीसाठी १९११ उजाडले. मधल्या काळात कामगारांचे खासदार संघटनांच्या वर्गणीवर जगत. १९०९ मध्ये न्यायालयाने ती वर्गणी राजकारणाला वापरायला बंदी केली, तेव्हा कुठे वर्षाला ४०० पौंड ठरले. आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने खासदाराला महिन्याला ४०० रुपये दिले. आकडा तोच निघाला, हा योगायोगच. त्या रकमेला कायद्याने सरळ ‘वेतन’ म्हटले. आमदारालाही वेतन मिळते. नगरसेवकाला आणि सरपंचाला मात्र मानधन.

हा फरक वरवरचा नाही. वेतन म्हणजे कामाचा मोबदला. मानधन म्हणजे मानाखातर दिलेले धन, म्हणजे घेणाऱ्याला त्याची गरज नाही असे आधीच गृहीत. व्याख्यानमालेच्या वक्त्याला नारळ, शाल आणि पाकीट देतात, ते मानधन. पाकिटात किती आहे हे वक्ता लोकांसमोर बघत नाही, आणि त्या पाकिटावर त्याचे घर चालत असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. नगरसेवकाच्या रकमेला तोच शब्द लावला की ती किती असावी हा प्रश्न विचारणेच असभ्य ठरते. वाढवा म्हटले की लोक चिडतात, सेवेला आलात की पगाराला? विषय निघतो आणि बहुतेक वेळा तिथेच संपतो.

हाच शब्द दुसऱ्या टोकालाही बसवलेला आहे. अंगणवाडी सेविकेला मानधन, आशाताईंना मानधन. तिथे घेणाऱ्याला गरज नाही असे कोणी म्हणू धजणार नाही. तिथे हा शब्द कामाला येतो तो नोकरी म्हणायचे टाळण्यासाठी, कारण नोकरी म्हटले की वेतनश्रेणी, निवृत्तिवेतन, ग्रॅच्युइटी सगळेच मागे लागते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना १९७२ च्या कायद्याप्रमाणे ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असे सांगितले, तेव्हा या शब्दाची एक बाजू तरी उघडी पडली. सधन माणसाला मानधन ही औपचारिकता, गरीब बाईला मानधन ही पळवाट. आता अंगणवाडी सेविकाच उद्या नगरसेविका झाली, तर तिच्या हातात दोन्हींतले कोणते पडते? गोष्ट काल्पनिक नाही. १९९० च्या दशकात स्थानिक संस्थांत महिलांना एकतृतीयांश जागा आल्या, २०११ मध्ये राज्याने त्या निम्म्या केल्या आणि पुण्यात २०१२ पासून निम्म्या नगरसेविका आहेत. राखीव जागेने दार उघडले. घर कसे चालवायचे हे मात्र त्या कायद्यात नव्हते. ‘सगळे तिचे मिस्टर बघतात’ असे हसून म्हणणाऱ्यांनी हा हिशोब कधी मांडलेला नसतो.

तो मांडायला सोपा आहे. २०१७ मध्ये राज्याने पुण्यासारख्या महापालिकेच्या नगरसेवकाचे मानधन महिना २०,००० रुपये केले. पाच वर्षांचे होतात बारा लाख. २०२६ च्या निवडणुकीत पुण्याच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा होती पंधरा लाख. म्हणजे कायद्याने परवानगी दिलेला खर्चच पाच वर्षांच्या मानधनाहून तीन लाखांनी जास्त. कायद्याबाहेरचा खर्च मी धरलेलाच नाही. निवडणुकीच्या खर्चाचा हिशोब सुरू होतो तो अर्ज भरल्यावर. त्याआधीच्या देवदर्शनाच्या सहली, पैठणीचे खेळ, दिवाळीचे फराळ-उटण्याचे डबे हे सगळे ‘सामाजिक कार्य’.

प्रभाग मोठे झाल्याने हे आणखी बिघडले. २००७ मध्ये एका वॉर्डात एक नगरसेवक होता. २०१२ मध्ये दोन झाले, २०१७ पासून चार. चार जणांच्या प्रभागात २०११ च्या जनगणनेनुसारच ऐंशी हजारांहून जास्त माणसे येतात, आणि शहर त्यानंतर कुठल्या कुठे गेले आहे. एवढ्या लोकांपर्यंत पायी पोहोचता येत नाही. गाड्या लागतात, पोरे लागतात, फ्लेक्स लागतात. चार-सदस्यीय पद्धतीचे समर्थक पक्षीय स्थैर्याबद्दल बोलतात. ते खरेही असेल. पण चाळीतल्या एखाद्या बाईने वर्गणी काढून निवडणूक लढवण्याचे दिवस त्यात संपले, हे कोणी बोलत नाही.

प्रतिज्ञापत्रांची हकिकत वाचकांना साधारण ठाऊक असते, म्हणून थोडक्यात. मे २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उमेदवाराची मालमत्ता मतदाराला कळली पाहिजे असे ठरवले. संसदेने कायदा बदलून ते बोथट केले, आणि मार्च २००३ मध्ये न्यायालयाने तो बदल रद्द केला. २०१८ मध्ये पुढची पायरी आली: नुसती मालमत्ता नको, उत्पन्नाचा स्रोतही सांगा. २०२४ च्या एका निकालात मात्र उमेदवाराने घरातली प्रत्येक वस्तू सांगायची गरज नाही, असे थोडे मागेही घेतले. या सगळ्यातून किती पैसा आहे हे कळते. तो नसणाऱ्याने निवडणूक कशी लढवावी, हा प्रश्न त्या निकालांपुढे कधी आलाच नाही.

पुण्यात हा पैसा बहुतेक जमिनीतून येतो. १९९७ मध्ये आसपासची गावे हद्दीत आली (काही नंतर वगळली गेली), २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस. हद्द सरकली की गुंठ्याचा भाव बदलतो आणि कालच्या ऊसवाल्याच्या दारात मोठी गाडी उभी राहते. पेठांतल्या तोंडी त्याच्यासाठी ‘गुंठामंत्री’ हा शब्द आहे. शब्द मजेदार आहे, पण त्यातला नाकाचा चढ मला खटकतो. वाड्याच्या भाड्यावर आणि बँकेतल्या ठेवींवर पिढ्यान्‌पिढ्या सार्वजनिक काम करणाऱ्यांना या शहराने ‘निःस्वार्थी’ म्हटले. धन तिथेही जमिनीतलेच होते, फक्त ते आजोबांच्या वेळी आले होते. फरक पैशात कमी आणि जातीत जास्त आहे. नव्या पैशाची जमीन विकास आराखड्यातल्या आरक्षणाखाली असते आणि तिचा मालक सभागृहात बसतो, ही अडचण खरीच. पण तिच्यासाठी टोपणनावापेक्षा चांगले हत्यार कायद्यात आहे. महापालिका कायद्याचे कलम १० महापालिकेच्या कंत्राटात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असलेल्याला अपात्र ठरवते. बेकायदा बांधकाम नगरसेवकाने, त्याच्या पती-पत्नीने किंवा अवलंबितांनी केले तरी पद जाते. कायद्याला दात आहेत, चावायला मात्र फिर्याद करणारा लागतो.

मानधन तुटपुंजे ठेवून शहराने एक गोष्ट मात्र सढळ हाताने दिली, ती म्हणजे अंदाजपत्रकातली ‘स’ यादी. नगरसेवकाने सुचवलेली कामे या यादीत जातात: बाकडी, कमानी, पेव्हर ब्लॉक, दिशादर्शक फलक. पैसा महापालिकेचा, पाटीवर नाव नगरसेवकाचे. पूर्वी घाट किंवा धर्मशाळा बांधणाऱ्या शेठजीचे नाव दगडावर कोरत, पण निदान पैसे तरी शेठजीचे असत. आता स्वतःच्या खिशाशिवायही दानशूर दिसता येते. पुरोगामी कारभार ज्याला म्हणतात, म्हणजे महापालिकेची शाळा, दवाखाना, पीएमपीची बस, वस्तीतली ड्रेनेज लाइन, त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर पाटी नीट बसत नाही. बाकड्यावर बसते.

मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षे प्रशासकाने कारभार पाहिला. सभागृह नाही, ‘स’ यादी नाही, मानधनही नाही. पाणी आले नाही, ड्रेनेज तुंबले, दाखला अडला की लोक माजी नगरसेवकाच्या कार्यालयातच जात होते. आमच्या प्रभागात चार माजी होते. दोघांची कार्यालये वर्षभरात बंद झाली. एक पूर्वी शिकवण्या घ्यायच्या त्या पुन्हा घेऊ लागल्या. उरलेल्या दोघांची कार्यालये चालू राहिली, चहासकट. २०२६ च्या मतपत्रिकेवर त्या चौघांपैकी दोघांचीच नावे होती.